नळ पाहून टाकी

धाराशिवात घर बांधायला काढलं की खोल्यांच्या बरोबरीनं टाकीचा विषय निघतो. जमिनीतला हौद किती हजार लिटरचा, गच्चीवर टाक्या किती, आणि सगळं भरलं तर घराला किती दिवस पुरेल, हे बांधकामाच्या आधीच ठरतं. उजनीचं पाणी पाइपलाइननं शहरात आलं, तरी नळ रोज येईल या भरवशावर इथे कुणी टाकी रिकामी करत नाही. ज्या गावात नळाला चोवीस तास पाणी असतं, तिथे हे गणित कुणाच्या डोक्यातही येत नाही आणि यायची गरजही नसते. साठवण किती ठेवायची हे नुसत्या वापरावर ठरत नाही, पुरवठ्यावरही ठरतं, ही गोष्ट मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. पण हीच शहाणी माणसं लॅपटॉपची डिस्क भरली की वेगळीच रीत धरतात. ‘जो गेम खेळत नाही तो उडवा, लागला तर परत डाउनलोड करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मुकाट पाळलाही जातो. हा सल्ला चोवीस तास नळ असलेल्या गावाचा आहे. जिथे नेट दिवसाच्या मापानं मिळतं, तिथे डिस्कवरची जागा म्हणजे नुसती रिकामी जागा नसते. कित्येक दिवसांचा डाउनलोड तिथे साठवलेला असतो. म्हणून गेम ठेवायचा की काढायचा हा निर्णय नळाकडे पाहून घ्यावा. आणि गेम एवढे अवाढव्य का, याचा जाब खेळणाऱ्याला विचारण्याआधी बनवणाऱ्याला विचारावा.

आधी टाकी मोजू. दुकानात ‘५१२ जीबी’ म्हणून विकला जाणारा लॅपटॉप घरी आणून उघडला की विंडोज ४७६ जीबी दाखवतं. यात फसवणूक नाही. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्यातून विंडोज स्वतः, त्याचे अपडेट, रिकव्हरीचा भाग, ऑफिस आणि ब्राउझर असे मिळून सत्तर जीबी धरले तर चारशे उरतात. लॅपटॉपमधली एसएसडी डिस्क काठोकाठ भरली की मंदावते, कारण नवीन लिहिण्यासाठी तिला आत मोकळे कप्पे लागतात. म्हणून पंधरा टक्के, म्हणजे सत्तरेक जीबी, रिकामे ठेवणं बरं. उरले तीनशे तीस. आता ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ टाकला तर १५० जीबी गेले आणि ‘जीटीए ५’ टाकला तर आणखी १०५. दोन गेममध्ये टाकीचा तळ दिसू लागतो, आणि उरलेल्या पंचाहत्तर जीबीत घरातल्या लग्नाचे फोटो, मुलाचे प्रोजेक्ट, ऑटोकॅड आणि वडिलांचे सातबाऱ्याचे स्कॅन कसेबसे कोंबायचे. सायबर कॅफेच्या काळात गाजलेला ‘जीटीए: व्हाइस सिटी’ २००३ साली कॉम्प्युटरवर आला तेव्हा एक जीबीच्या आत मावत होता. त्याच मालिकेचा आजचा गेम शंभर पटींहून मोठा आहे. घरातली डिस्क काही त्या मापानं वाढलेली नाही.

आता नळ. मोबाइलचे नेहमीचे पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबी देतात, आणि ती संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. डाउनलोड करताना फायली दाबून लहान केलेल्या येतात, म्हणून डिस्कवर १५० जीबी घेणाऱ्या गेमचे तीन चतुर्थांशच उतरवावे लागले असं धरू. तरी ते ११२ जीबी होतात. दिवसाची दीड जीबी एकही रील न पाहता पूर्ण गेमलाच दिली, तर पंचाहत्तर दिवस लागतील. मृगात सुरू केलेलं डाउनलोड पोळ्याच्या सुमाराला संपेल. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेम आवडला नाही तर पैसे परत मिळतात. अट एवढीच की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत मागावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. नियम उदार आहे. पण पंचाहत्तर दिवसांनी ज्याच्या पडद्यावर गेम पहिल्यांदा उघडतो, त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच टळलेली असते. नियम लिहिणाऱ्यानं नळ गृहीत धरला होता. तीस एमबीपीएसचं फायबर असलेल्या घरात तेवढंच डाउनलोड साडेआठ तासांत, म्हणजे एका रात्रीत होतं. एकाला ‘उडवा आणि परत घ्या’ याची किंमत एक रात्र, दुसऱ्याला अडीच महिने. एकच सल्ला दोघांना देणं हे सल्ला देणाऱ्याचं अज्ञान आहे.

गेम एवढे फुगले कशानं? चित्रांचा बारकावा वाढला, फोर-के पडद्यासाठी दगडाची रेघ न् रेघ साठवावी लागते, हे कारण खरं आहे. पण ते एकमेव नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई असते. एक वस्तू तबकडीच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला असली तर सुईला धावाधाव करावी लागते आणि खेळ अडखळतो. त्यावर उपाय म्हणून एकच वस्तू जागोजागी पुन्हा पुन्हा लिहून ठेवायची पद्धत पडली. प्लेस्टेशन ५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या व्याख्यानात ‘स्पायडर-मॅन’च्या अनुषंगानं सांगितलं होतं, की टपालपेटीसारख्या काही वस्तू हार्ड डिस्कवर चारशे-चारशे वेळा लिहिलेल्या असतात. दुसरं कारण आवाजाचं. २०१४ साली ‘टायटनफॉल’ कॉम्प्युटरवर ४८ जीबीचा आला, आणि त्यातले ३५ जीबी नुसता न दाबलेला आवाज होता, कारण दोन कोरच्या मशिनवर आवाज उलगडण्याचं ओझं पडू नये. दोन्ही युक्त्यांमागे हिशेब एकच: मशिनचा वेळ वाचवायचा आणि बदल्यात खेळणाऱ्याची जागा खर्चायची. दुसऱ्याची जागा खर्चताना हात कुणाचाही सैल सुटतो.

हा खर्च अटळ नव्हता, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा ‘हेलडायव्हर्स २’ या गेमनं दिला. कॉम्प्युटरवर तो सुमारे १५४ जीबी जागा घ्यायचा. हाच गेम प्लेस्टेशनवर ३५ जीबींच्या आसपास होता. हार्ड डिस्क वापरणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून तीच ती माहिती पुन्हा पुन्हा लिहिली होती, असं ॲरोहेड या कंपनीनं सांगितलं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी निक्सिस या दुसऱ्या कंपनीच्या मदतीनं ही पुनरुक्ती काढली आणि गेम २३ जीबींवर आला. १३१ जीबी मोकळे झाले. आपल्या ४७६ जीबींच्या टाकीत चौथ्या हिश्श्याहून जास्त. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. पुनरुक्ती काढली तर हार्ड डिस्कवाल्यांना किती तरी पट थांबावं लागेल असा त्यांचा अंदाज होता, आणि तो सगळ्या उद्योगात चालत आलेल्या आकडेवारीवर बेतलेला होता. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा फरक काही सेकंदांचा निघाला. म्हणजे न मोजलेल्या भीतीपोटी लाखो लोकांच्या डिस्कवर शंभर जीबींहून जास्त भार पडून राहिला होता. ‘फोर्टनाइट’नं ऑक्टोबर २०२० मध्ये कॉम्प्युटरवरचा आपला आकार साठ जीबींहून अधिक घटवला. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’ दोनशे जीबींच्या घरात गेल्यावर, एकट्यानं खेळायची मोहीम नको असेल तर तेवढीच काढा आणि मित्रांबरोबरचा खेळ ठेवा, अशी सोय कंपनीला द्यावी लागली. गवगवा झाला की आकार कमी होतो. याचा अर्थ तो आधीही कमी करता आला असता.

मोबाइलवर असं का होत नाही, हे पाहिलं की गोष्ट आणखी उघडी पडते. गूगल प्लेनं २०१७ मध्ये आपल्या आकडेवारीवरून सांगितलं, की ॲप दर सहा एमबीनं वाढलं की ते टाकून घेणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्यानं घटतं. मोबाइलवर आकाराचा फटका विक्रेत्याला बसतो, म्हणून तिथे एकेक एमबीसाठी डोकं खाजवलं जातं. खेळाचं लहान बीज आधी देऊन बाकीचे नकाशे आणि चित्रं हवी तशी उतरवू दिली जातात. कॉम्प्युटरवर आधी पैसे घेतले जातात आणि आकार नंतर कळतो. दुकानाच्या पानावर ‘स्टोरेज’चा आकडा असतो, पण अगदी तळाशी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या ओळींखाली. ज्याचा खर्च दुसरा सोसतो त्याची काटकसर कुणी करत नाही. मग ते चारीचं पाणी असो की डिस्कवरची जागा.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा आहे. सुंदर खेळ हवा आणि तो लहानही हवा, हे कसं जमायचं? आक्षेपात तथ्य आहे. २००४ साली काही जर्मन कलाकारांनी ‘केक्रीगर’ नावाचा त्रिमितीय गेम ९६ केबीत बसवला होता, पण ती कसरत होती; सगळा उद्योग तशा कसरतीवर चालणार नाही. इथे मागणी सौंदर्य कापण्याची नाही, निवड देण्याची आहे. ‘फॉलआउट ४’साठी बेथेस्डा कंपनीनं २०१७ मध्ये उंची चित्रांचा संच वेगळा दिला, आणि तो एकटाच ५८ जीबींचा होता. ज्याचं ग्राफिक्स कार्ड आणि पडदा त्या ताकदीचा आहे त्यानं तो घ्यावा. पण १०८०पी पडद्याचा साधा लॅपटॉप असलेल्या मुलाच्या डिस्कवर फोर-केची चित्रं का लोळावीत? त्याच्या मशिनला ती दाखवताच येत नाहीत. ही गुणवत्ता नव्हे. पाहुणे येणार नाहीत हे ठाऊक असतानाही घरातल्या निम्म्या खोल्या पाहुण्यांसाठी कुलूपबंद ठेवण्याचा हा प्रकार आहे. चित्रं वेगळी, आवाजाच्या भाषा वेगळ्या, एकट्याची मोहीम वेगळी, अशी मांडणी तंत्राला अवघड नाही. ती कुठे ना कुठे झालेली आहे. ती सगळीकडे व्हावी एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी: डिस्क स्वस्त झाली आहे, मोठी घ्या. बरीच वर्षं हे म्हणणं खरं होतं. पण २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढायला सुरुवात केली आणि भाव चढले. मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. शिवाय स्वस्त लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवायला जागा असेलच असं नाही. पहिली काढून मोठी बसवायची म्हणजे विंडोजसकट सगळी घडी नव्याने बसवणं आलं. आणि मुख्य मुद्दा राहतोच. टाकी मोठी केली म्हणून नळ मोठा होत नाही. दोन टीबीची डिस्क भरायला दिवसाला दीड जीबीनं साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. जागा विकत घेता येते. त्या जागेत जे भरायचं ते पुरवठ्याच्याच वेगानं येतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. आता फाइव्ह-जी आलं, फायबर आलं, नळाचं रडगाणं जुनं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झालं, आणि दिवसाला दोन जीबी किंवा जास्त देणाऱ्या पॅकवर फाइव्ह-जीचा डेटा अमर्याद मिळू लागला. ज्याच्या घरात ती रेंज पक्की आहे आणि फोन फाइव्ह-जीचा आहे, त्याच्यासाठी वरचं पंचाहत्तर दिवसांचं गणित लागू नाही, हे मान्य करायलाच हवं. अशा माणसानं खुशाल गेम उडवावेत. पण रेंज शहराच्या चौकात एक असते, परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर दुसरी. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणाऱ्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पण ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आलेली तार आणि घराच्या भिंतीतून आत आलेली तार यांत बरंच अंतर असतं. वर लाइट गेली की राउटरही जातो. म्हणून ‘नळ आला’ हे जिल्ह्याच्या पातळीवर ठरवायचं विधान नाही. प्रत्येकानं ते आपल्या घरापुरतं मोजून ठरवावं.

मोजायचं कसं आणि मग करायचं काय? डिस्क भरली की बहुतेक जण स्टोरेजची यादी उघडतात, सगळ्यात मोठा गेम शोधतात आणि तोच काढतात. डोळ्यांना हे सरळ वाटतं, पण प्रश्न उलटा आहे. प्रत्येक गेमसमोर दोन आकडे मांडावेत: तो किती जागा घेतो, आणि गेला तर परत आणायला किती दिवस लागतील. आठ जीबीचे चार गेम आठवडाभरात एकेक परत येऊ शकतात. १५० जीबींचा एक गेम परत यायला पावसाळा जातो. शिवाय काही गेमची प्रगती फक्त आपल्याच डिस्कवर असते, ऑनलाइन नसते. ती जपून ठेवल्याशिवाय काढू नये. आपल्याकडे ज्वारीची साठवण तीन पदरी असायची. रोजचं पीठ डब्यात, महिन्याचं धान्य कणगीत आणि वर्षाचं बळदात किंवा पेवात. पेव रोज कुणी उघडत नसे, पण म्हणून ते रिकामंही करत नसे. लॅपटॉपची एसएसडी हा डबा समजावा आणि बाहेरून जोडायची एक टीबीची साधी हार्ड डिस्क हे बळद. जो गेम सध्या चालू आहे तो डब्यात. जो दिवाळीच्या सुटीत परत खेळायचा आहे तो बळदात. स्टीममध्ये गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय आहे, त्याला एक एमबीही नेट लागत नाही. हलवायला लागतो तो अर्धा-पाऊण तास आणि एक यूएसबी वायर. हार्ड डिस्कवरून खेळू नये. ती हळू असते, आणि ‘स्टारफील्ड’सारखे २०२३ पासूनचे काही गेम तर एसएसडीचीच अट घालतात. हार्ड डिस्क फक्त साठवायला वापरावी.

डबा भरतानाही काठापर्यंत भरू नये, याचं दुसरं कारण अपडेट. अनेक गेम आपली माहिती दहा-दहा, वीस-वीस जीबींच्या गाठोड्यांत बांधतात. त्या गाठोड्यातली एक छोटी गोष्ट बदलली तरी अख्खं गाठोडं नव्यानं बांधावं लागतं, आणि बांधून होईपर्यंत जुनं आणि नवं दोन्ही डिस्कवर असतात. म्हणून पाचशे एमबीच्या अपडेटलाही ‘जागा अपुरी’ असा निरोप येतो आणि मुलं चक्रावतात. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ च्या सुमाराला बंधारा घातला आणि त्याच्या पोटात पाणी महाल बांधला, तेव्हा जादा पाणी उतरायला वाटाही ठेवल्या. नर आणि मादी म्हणून ज्या धबधब्यांचे फोटो पावसाळ्यात सगळे काढतात, त्या याच वाटा. सांडवा नसलेला बंधारा पहिल्या मोठ्या पुरात फुटतो. डिस्कवरचे सत्तर जीबी हा सांडवा आहे. ती वाया गेलेली जागा समजून तिथे तिसरा गेम टाकू नये.

पुरवठा तुटपुंजा असला की लोक एकमेकांच्या टाकीवरही अवलंबून राहतात, आणि इथे तंत्रानं एक खरी सोय दिली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीममध्ये एकाच राउटरवरच्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेमच्या फायली थेट घेता येतात. गल्लीतल्या पाच जणांनी एकच गेम विकत घेतला असेल तर पाच वेळा शंभर जीबी उतरवायची गरज नाही. एकानं उतरवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या घरी लॅपटॉप नेऊन वायर जोडायची. गिगाबिट राउटर असेल तर अर्ध्या तासाच्या आत, जुना १०० एमबीपीएसचा असेल तर दोन-अडीच तासांत काम होतं. ही चोरी नव्हे का, असं कुणी विचारेल. नाही, फाइल मित्राकडून आली तरी खेळण्याचा परवाना ज्याचा त्यानं विकत घ्यावाच लागतो. उलट चोरीच्या वाटेला मुलं का जातात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. दाबून दाबून लहान केलेल्या ‘रीपॅक’ प्रती फुकट असतात म्हणून चालतात हे उघड आहे, पण त्या लहान असतात म्हणूनही चालतात. व्हायरसचा धोका पत्करून माणूस त्या घेतो, कारण पैसे मोजून मिळणारी प्रत त्याच्या नळातून येतच नाही. चोरांना जे दाबून देता येतं ते मालकाला का देता येऊ नये, हा प्रश्न कंपन्यांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

शेवटचा आक्षेप जरा रागाचा असतो. नीती आयोगानं २०१८ मध्ये आकांक्षित म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत ज्या धाराशिवचं नाव घातलं, जिथे शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो, तिथे गेमच्या जागेची चर्चा हा चोचला नाही का? चोचला तेव्हा झाला असता, जेव्हा गेमसाठी वेगळं मशिन असतं. इथे घरात एकच लॅपटॉप असतो. त्याच्यावरच बारावीच्या मुलीचे व्हिडिओ, अभियांत्रिकीच्या मुलाचं सॉफ्टवेअर आणि घराचे कागद असतात. गेमनं खाल्लेली जागा दुसऱ्या गेमची नसते, या सगळ्यांची असते. आणि गरिबाला काटकसर शिकवायची, पण उधळपट्टी करणाऱ्या कंपनीला काही विचारायचं नाही, ही रीत तर पाण्याच्या बाबतीतही आपण सोसलेली आहे.

म्हणून गेम काढण्याचं बटण दाबण्याआधी एक हिशेब करा: आपल्या घरात तो परत यायला किती दिवस लागतील? उत्तर तासांत येत असेल तर निर्धास्त काढा. उत्तर महिन्यांत येत असेल तर तो बळदात टाका, मित्राच्या डिस्कवर ठेवा, पण पुसू नका. आणि पुढचा गेम घेताना दुकानाच्या पानावर आधी तळाची ‘स्टोरेज’ची ओळ वाचा, चित्रं आणि भाषा वेगळ्या मिळतात का पाहा, मिळत नसतील तर परीक्षणात तसं लिहा. ‘हेलडायव्हर्स २’ १५४ वरून २३ जीबींवर आला तो तंत्राच्या चमत्कारानं नव्हे. लोकांनी ओरड केली आणि कुणीतरी बसून मोजलं, म्हणून आला.